एकुलती किल्ली

१

"संपलं! सिरिलभाऊ, सगळं संपलं!"

रुक्मिन ओरडत माझ्या दुकानात शिरली, तेव्हा मी ब्रेडचा ट्रे उतरवत होतो. माझ्या मनात आलं ते भलतंच. तिचा नवरा बॉयसी डायलिसिसवर आहे. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. हातातला ट्रे कुठं ठेवावा हेही मला सुचेना.

"बॉयसी?" मी विचारलं.

"तो आहे हो. किल्ली नाही! गाडीची किल्ली गेली!"

मी सुटकेचा श्वास सोडला, पण सोडता सोडताच लक्षात आलं की सुटका कसली! रुक्मिनच्या घरात बॉयसी आणि गाडी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती त्याला पेनालहून सॅन फर्नांडोच्या केंद्रात नेते. मधल्या वेळात तीच गाडी त्याच रस्त्यावर टॅक्सी म्हणून पळवते, आणि भाड्याचे जे डॉलर येतात ते त्याच केंद्राच्या खिडकीत भरते. सरकारी इस्पितळाच्या यादीत बॉयसीचं नाव कधीचं आहे. यादी काही हलत नाही. गाडी थांबली की पैसे थांबतात, पैसे थांबले की केंद्रवाले नळी लावत नाहीत. आज शुक्रवार होता.

"दुसरी किल्ली?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

आमच्या त्रिनिदादमध्ये बहुतेकांच्या गाड्या जपानी माणसानं वापरून सोडलेल्या. बोटीनं येतात, स्वस्त मिळतात. गाडीबरोबर किल्ली येते ती बहुधा एकच. दुसरी तिकडं कुणाच्या तरी खणात राहून जाते. घेणारा प्रत्येक जण म्हणतो, पुढच्या महिन्यात दुसरी करून घेऊ. तो पुढचा महिना मी अजून कोणाकडं आलेला पाहिला नाही. त्यात ही किल्ली म्हणजे दात असलेला लोखंडाचा तुकडा असता तर कानशीनं घासून केलीही असती. ही काळी वडी. ती खिशात असली तर दाराला हात लावताच दार उघडतं, बटण दाबताच इंजिन सुरू होतं, आणि आतून एक बाई जपानीत काहीतरी सुनावते. कुठलंसं कार्ड घातलेलं नाही अशी तिची तक्रार आहे म्हणे. वडी नसेल तर गाडी म्हणजे नुसता पत्रा.

"कुठं ठेवली होतीस?"

"डब्यात. फ्रिजवरच्या."

तो डबा मला माहीत होता. बिस्किटांचा निळा टिनचा डबा, आत सुया-दोरे. फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सुमारास, मागच्या गल्लीतली एक गाडी गेली. हल्लीचे चोर घरात शिरत नाहीत. भिंतीबाहेर यंत्र धरून आतल्या किल्लीचा इशारा पकडतात आणि गाडी घेऊन जातात. टिनमध्ये किल्ली ठेवली की इशारा बाहेर फुटत नाही. तेव्हापासून आमच्या आळीतल्या किल्ल्या डब्यांत राहायला गेल्या.

"काल रात्री शेवटची फेरी मारून आले," रुक्मिन सांगू लागली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि उभ्या उभ्या ती थोडी डुलत होती. "किल्ली डब्यात टाकली, झाकण दाबलं, सोफ्यावर पडले ती मेल्यासारखी. उठले, चहा केला, बॉयसीला नेऊन दिला. नको म्हणाला, तोही मीच प्यायले. मग सकाळची गिऱ्हाइकं घ्यायला निघाले. डबा काढला, चमचा घालून झाकण उघडलं..."

"आणि?"

"सुया होत्या. दोरे होते. बटणं होती. किल्ली नव्हती."

"झाकण सैल होतं?"

"घट्ट. डबा जागच्या जागी. दाराला कडी. सिरिलभाऊ, माझ्या घरात काल रात्री कोण आलं होतं?"

२

दुपारच्या आत क्वेसी आला. गाड्यांच्या किल्ल्या, हॉर्न, अलार्म ही त्याची कामं. पोट सुटलेला, तोंडानं गोड. पंधरवड्यापूर्वी ह्याच गाडीचा हॉर्न त्यानं माझ्या दुकानासमोर दुरुस्त केला होता. गाडी माझ्याच दुकानासमोर असते, कारण रुक्मिनच्या फाटकापुढची नाल्यावरची फरशी खचलीय. ती डावी बाजू माझ्या भिंतीला चिकटवून लावते, आणि माझ्या दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसेनाशी होते. ह्यावरून मी तिला बरंच बोललोय. आज मात्र गप्प होतो.

क्वेसीनं दाराच्या मुठीला हात लावून पाहिला. गाडी ढिम्म.

"ताई, एक किल्ली हातात असती ना, तर दुसरी करणं काहीच नाही," तो म्हणाला. "जुनी आत ठेवायची, कोरी तिच्या शेजारी धरायची, गाडीला सांगायचं की ही हिची बहीण. मोडीतल्या गाडीची वापरलेली वडी आणली तर आणखी स्वस्त. पण एकही किल्ली नाही म्हटल्यावर गाडी कोणालाच ओळखत नाही. आतला मेंदू बाहेर काढून पुसायचा, नव्यानं शिकवायचा."

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. रुक्मिन माझ्या पायरीवर बसली. तेवढ्यात बॉयसीचा अख्खा महिना निघाला असता.

"मोठ्या शोरूममध्ये ह्याच्या दुप्पट सांगतील," क्वेसी चाचरत म्हणाला.

रुक्मिननं एक शब्द न बोलता हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या. एक अंगठ्याच्या हाडापाशी रुतली होती. ती ओढत राहिली, ओढत राहिली, आणि मग रडायला लागली. मला बघवेना. मी आत जाऊन उगाच साबणाच्या वड्या नीट लावल्या.

"बांगड्या राहू द्या ताई," क्वेसीचा आवाज आला. "आज घर उलटंपालटं करा. किल्ली सापडली तर मला फोन करा, थोडक्यात दुसरी करून देतो आणि हे सगळं विसरू. कोरी वडी माझ्या पेटीतच आहे."

गोड बोलतोय मेला, मी मनात म्हटलं. किल्ली हरवली तर फायदा कोणाचा? ह्याचाच की!

"सिरिल! गल्ला उघडा टाकून आत काय करतोयस?"

पाठीत धपाटा बसावा तसा मी ताठ झालो. समोरच्या घरातल्या इव्हॅडनीबाई छत्री टेकत आल्या होत्या. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ऐंशी उलटली तरी अर्धं पेनाल त्यांच्यापुढं अजून हात मागं बांधून उभं राहतं. मी, बॉयसी, बॉयसीचा थोरला भाऊ सॉनी, सगळे त्यांच्या छडीखालून गेलेलो. कोणाची पेन्सिल कोणी ढापली हे त्या चेहरा बघून सांगत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा मागवला आणि माझ्यापुढं धरला. "उघड."

मी नखं लावली. निघेना. चमचा घालून जोर केला तेव्हा झाकण असं फटकन उडालं की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"लाव परत."

मी तळहातानं चारी बाजूंनी ठोकून ते बसवलं.

"हरवणारी वस्तू स्वतः झाकण लावून जात नाही," बाई म्हणाल्या. "किल्ली कोणीतरी घेतली. एवढा आवाज झाला तरी रुक्मिन जागी होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि आणखी एक सांग सिरिल. किल्ली घेतली, तर गाडी का नाही नेली?"

मी भिंतीला चिकटलेल्या गाडीकडं पाहिलं. खरंच की.

"म्हणजे ह्या चोराला गाडी नको आहे," बाई म्हणाल्या. "ती हलू नये एवढंच त्याला हवंय. रुक्मिनची गाडी हलू नये असं कोणाला वाटतं?"

रुक्मिननं डोळे पुसले. तिच्या तोंडून नाव निघायला वेळ लागला नाही.

"सॉनीभाऊजी."

३

सॉनीचं आणि रुक्मिनचं नाताळात वाजलं होतं. त्याला ती गाडी त्याच्या पोरासाठी हवी होती, आणि तीही स्वस्तात. "बाईमाणसानं रात्रीबेरात्री टॅक्सी हाकायची, लोक काय म्हणतील" वगैरे सुरू केल्यावर रुक्मिननं त्याला जेवणाच्या ताटावरून उठवलं. तेव्हापासून त्यानं घराचा उंबरा चढला नव्हता. बाईंचा निरोप गेला तसा मात्र आला. शर्ट खोचून आला.

बाई रुक्मिनच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी दाराशी. शेजारच्या खोलीचा पडदा सरकवलेला होता; तिथं पलंगावर बॉयसी भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"सॉनी, सरळ उभा राहा. रुक्मिनच्या गाडीची किल्ली गेली."

सॉनी आधी नुसताच बघत राहिला. मग तो दोन ढांगांत दारापाशी गेला, दार पुढं ओढलं आणि त्याच्या आडच्या खिळ्यावर हात फिरवला. खिळा रिकामा होता.

"इथं नाही," तो म्हणाला. "खाली पडली असेल. इथंच तर असते ना? रुक्मिन, झाडू मारताना कुठं सरकवलीस का?"

"गाडी विकायला काढली तर घेशील?" बाईंनी विचारलं.

"घेईन की! लगेच घेईन." मग त्याला उमगलं. कान लाल झाले. "बाई! तुम्हाला काय म्हणायचंय? माझ्या भावाचं रक्त त्या गाडीवर फिरतंय, आणि मी किल्ली चोरीन?"

"दिवाळीला तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याला कशाला इतकं ओढत बसलीस!" रुक्मिन किंचाळली. "माझ्या तोंडावर म्हणालात भाऊजी! देव नेईल तेव्हा नेईल म्हणालात!"

"रागात बोललो होतो!"

"मग आता ह्याला उद्या खांद्यावर घेऊन जा! जा घेऊन सॅन फर्नांडोला! एक फेरी चुकली की ह्याच्या पायात पाणी भरतं, मग छातीत भरतं, श्वास लागतो. तुम्ही बघितलंय कधी? मी बघितलंय!"

सॉनी उभा राहिला तसाच खाली बघत. "उद्याची सोय मी करतो," तो हळूच म्हणाला. "कोणाची तरी गाडी आणतो. पण मंगळवारी काय करशील?"

पडद्यापलीकडं पलंग करकरला.

"जा तू," बाई सॉनीला म्हणाल्या. तो गेल्यावर मी चवताळून म्हणालो, "सोडलंत कसं त्याला? विकत घेणार म्हणाला, स्वतःच्या तोंडानं! किल्ली नसलेली गाडी किती स्वस्तात जाईल!"

"सिरिल, तू वर्गातही असाच अर्ध्यावर हात वर करायचास. त्यानं किल्ली कुठं शोधली?"

"खिळ्यावर."

"डबा कधी सुरू झाला?"

"कार्निव्हलच्या सुमारास." आणि सॉनी नाताळापासून घरात आलेला नव्हता.

"डब्याचं त्याला माहीतच नाही. तुला मात्र माहीत होतं," बाई म्हणाल्या, आणि छत्रीचं टोक माझ्या पोटाकडं वळलं. "गाडीवरून तू हिच्याशी भांडतोस. आता बोल."

साठीचा माणूस मी, पण "बाई, मी नाही" एवढंच तोंडातून निघालं.

"तू नाहीस. तुला गाडी दुकानासमोरून हललेली हवी असते. किल्ली चोरून तिला तिथंच कायमची रोवून ठेवण्याइतका तू मूर्ख नाहीस. जवळपास आहेस, पण तेवढा नाहीस."

"मग क्वेसी!"

"हातात आलेलं मोठं काम सोडून आधी किल्ली शोधा म्हणाला. चोर असता तर बांगड्या घेऊन निघाला असता. चल, मला गाडी दाखव."

४

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, आणि भिंतीच्या बाजूला अडल्या. डावा आरसा मोडला होता. काच शाबूत, पण बिजागरी खिळखिळी होऊन तो कलला होता. दारावर खाली एक लांब ओरखडा.

"हे काय?"

"काल कोणीतरी रस्त्यानं जाताना घासलं असेल," रुक्मिन घाईनं म्हणाली.

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत हात घातला, आणि आरशाच्या खाचेतून काहीतरी उपसून काढलं. ते त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "गृहपाठ आहे. आता बॉयसी."

मी दुकानातून मॉबीचा, झाडाच्या सालीच्या कडसर सरबताचा, छोटा ग्लास भरून घेतला. बॉयसीला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं. गुरुवारी रक्त धुऊन आला की शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडची थंडगार मॉबी घोट घोट पितो. तेवढीच त्याची चैन. त्या ग्लासासाठी तो आठवडाभर मला शिव्या देतो, कडू केलीस म्हणून, आणि तळ दिसेपर्यंत पितो.

आज त्यानं ग्लासाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"नको."

"अरे घे. दुःखातही घशाला कोरड पडते."

"नको म्हटलं ना सिरिल."

त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पलंगाजवळ ताट होतं, सादा रोटी आणि भाजून कुस्करलेल्या टोमॅटोचा चोखा. रोटी थोडी खाल्ली होती, चोखा तसाच होता. बायकोची ही दैना बघून कोणाला घास उतरेल, मी मनात म्हटलं. मला भरून आलं.

बाई त्याच्या पायथ्याशी बसल्या. "बॉयसी, उद्याची पिशवी भरलीस का रे? पांघरूण, मोजे?"

"किल्लीच नाही बाई."

"ती मिळेलही."

बॉयसीचा हात उशीच्या कडेवर गेला आणि तिथंच राहिला.

बाहेरून डबे आपटल्याचा आवाज येत होता. रुक्मिन तांदळाचा पिंप उपसत होती. मग कपाटं. मग पुन्हा तोच बिस्किटांचा डबा, जणू मघाशी नसलेली किल्ली आता त्यात आली असेल. "देवा, देवा, देवा" असं ती एकसारखं पुटपुटत होती. बॉयसीनं डोळे मिटून घेतले.

"ही सकाळपासून एकदा तरी टेकली का?" तो म्हणाला. मला विचारलं की भिंतीला, कळलं नाही.

बाई उठल्या. "सिरिल, क्वेसीला फोन कर. कोरी वडी घेऊन ये म्हणावं."

"पण जुनी किल्ली?"

"जुनी ह्या घरातच आहे," बाई म्हणाल्या. पलंगावरचा हात उशीवरून झटकन उचलला गेला.

५

आमच्याकडची घरं खांबांवर उभी असतात. खाली सावलीत झोपाळा, बाकडं, सायकली, सगळा संसार तिथंच. क्वेसी आला तेव्हा बाईंनी सगळ्यांना तिथं बसवलं होतं. रुक्मिन बाकड्याच्या काठावर. सॉनीही परत आला होता. उद्यासाठी कोणाची गाडी मिळते का बघत हिंडला होता आणि हात हलवत आला होता. बॉयसीला मी धरून झोपाळ्यात बसवलं.

"किल्ली घेणाऱ्याला डबा माहीत होता," बाई बोलू लागल्या. "रुक्मिन किती गाढ झोपते हे माहीत होतं. दाराला आतून कडी होती, म्हणजे त्याला दार उघडायची गरजच पडली नाही. आणि काम झाल्यावर त्यानं झाकण ठोकून बसवलं, डबा जागेवर ठेवला. चोर एवढा टापटिपीचा नसतो. त्या सुयांची, बटणांची काळजी असलेला माणूसच असं करतो."

रुक्मिननं मान वर केली. "बाई, घरात मी आणि बॉयसी. दोघंच."

"रुक्मिन, आज तू आधी चहा दिलास की आधी डबा उघडलास?"

"आधी चहा."

"त्यानं नको म्हटलं. तेव्हा किल्ली गेलीय हे तुला तरी माहीत होतं का?"

"नाही."

"त्याला होतं. उद्याची फेरी चुकणार हे माहीत असलेला माणूस काय करतो? पाणी तोडतो. चहा नको, मॉबी नको, टोमॅटो नको. जे जे अंगात साठून छातीवर चढेल ते सगळं नको. तू उद्याची चिंता करायला लागायच्या आधीपासून बॉयसी उद्याची तयारी करतोय."

वाऱ्यानं अंगणात पूजेच्या बांबूंवर लावलेल्या झेंड्या फडफडल्या. रुक्मिन उठून उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी दोन पावलं मागं सरकलो.

"तू?" ती म्हणाली. "तू घेतलीस? मी इथं बांगड्या सोलून काढतेय, आणि तू? मरायचंय तुला? सरळ सांग ना! मला कंटाळलास? जगायचा कंटाळा आला?"

बॉयसीनं झोपाळ्याची दोरी घट्ट धरली होती.

"मरायचं असतं तर चहा प्यायला असता," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला जगायचंय म्हणून तर घसा कोरडा ठेवून बसलाय. सिरिल, हा बघ गृहपाठ." त्यांनी रुमाल उलगडला. आत एक लांब हिरवं पातं होतं, मुळापाशी चिखल लागलेलं. "हायवेच्या कडेला पाणथळीत वाढतं ते गवत. आरशाच्या बिजागरीत अडकलं होतं. रुक्मिन, तुझ्या गाडीची डावी बाजू सिरिलच्या भिंतीला लागून असते. रस्त्यानं जाणारा तिथं कसा घासेल? आणि भिंतीवर गवत कुठलं?"

रुक्मिनच्या तोंडचं पाणी पळालं.

"सांग बॉयसी," बाई म्हणाल्या.

"पुलाजवळ," बॉयसी म्हणाला. त्याचा आवाज तहानेनं फाटला होता. "काल परत येताना. ती चालवत होती, आणि मी तिच्याकडं बघितलं तर डोळे मिटलेले. पेंगताना अर्धे उघडे असतात ना रुक्मिन, तसे नाही. मिटलेले. गाडी गवतात उतरली होती. मी स्टिअरिंग ओढलं. पुढं खड्डा होता, पाण्यानं भरलेला. तू जागी झालीस आणि म्हणालीस, काय झालं रे? मग घरी आलीस, मला उतरवलंस, आणि त्याच डोळ्यांनी परत फेऱ्या मारायला गेलीस! तू परत येईपर्यंत मी फाटकाकडं बघत पडलो होतो."

"मी... एक क्षणभरच..."

"किती वेळा सांगितलं, सिरिलला चालवू दे एखादी फेरी. तो बसल्या बसल्या माश्या मारतो, त्याच्याकडं लायसन आहे. सॉनीचा पोरगा आहे. दर वेळी तुझं एकच. किल्ली एकच आहे, ती मी कोणाच्या हातात देणार नाही. मला वाटलं, किल्लीच नसली तर झोपशील. दोन दिवस तरी झोपशील. एका फेरीनं मी मरत नाही. पण तू तांदळाचा पिंप उपसत बसलीस."

त्यानं शर्टाच्या खिशातून रोटी गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची एक पुडी काढली. उशीतून तिथं कधी आली कोण जाणे. "माझं रक्त धुऊन आणायला जाताना तू गेलीस तर मी त्या रक्ताचं काय करू गं?"

रुक्मिन मातीतच बसली, त्याच्या गुडघ्याला डोकं लावून. मोठ्यानं रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि सॉनी पाठ फिरवून सायकलीची घंटा निरखत राहिला. मीही कुठंतरी बघत होतो. मला आठवत नाही.

मग बॉयसी म्हणाला, "मला गाडीपाशी ने."

मी त्याला धरून रस्त्यावर नेलं. त्यानं कागद सोलून किल्ली बाहेर काढली आणि दाराला हात लावला. गाडी टुकटुकली, दिवे लुकलुकले, मिटलेले आरसे उघडायला लागले. उजवा झटकन उघडला. डावा घरघरला, अर्ध्यावर अडला, थरथरला, आणि शेवटी कसाबसा उघडला.

क्वेसीनं पेटी उघडली. जुनी वडी आत ठेवली, कोरी तिच्या शेजारी धरली, त्याच्या यंत्राला काहीतरी सांगितलं. माझ्या दुकानातला ब्रेड विकून संपायच्या आत दुसरी किल्ली तयार होती. त्यानं सांगितलेले पैसे रुक्मिननं कालच्या भाड्यातूनच दिले.

नवी वडी तिच्या तळहातावर होती. तिनं मूठ मिटली.

"रुक्मिन," बाई म्हणाल्या.

तिनं मूठ उघडली. बॉयसीनं ती वडी उचलली आणि माझ्या खिशात टाकली.

"दुकानाची पाटी दिसत नाही म्हणतोस ना?" तो म्हणाला. "घे, हलव आता गाडी."

"आणि मंगळवारी माझा पोरगा येईल," सॉनी सायकलीकडंच बघत म्हणाला. "फुकट. गाडी मागणार नाही."

६

शनिवारी उजाडताना मी बटण दाबलं. गाडी सुरू झाली आणि आतली बाई जपानीत ओरडली. मी दचकलो.

"तिच्याकडं लक्ष देऊ नकोस," मागून रुक्मिन म्हणाली. "डावीकडं ठेव. पुलाजवळ हळू. ब्रेक जरा लांबून दाब. वळताना..."

"अगं, मी चाळीस वर्षं..."

"आरसा नीट कर. नाही, तो नाही, दुसरा. आणि सिरिलभाऊ, केंद्राच्या फाटकाशी..."

पुढचं आलंच नाही. मी आरशात बघितलं. पेनालची शेवटची दुकानंसुद्धा अजून मागं पडली नव्हती, आणि ती बॉयसीच्या पिशवीवर गाल टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. एक हात पुढच्या सीटच्या पाठीवर तसाच धरलेला.

माझ्या शेजारी बॉयसी बसला होता, ओठ कोरडे, डोळे टक्क उघडे. आम्ही पूल ओलांडला. कडेच्या गवतात चाकाचा माग अजून दिसत होता.

पुढं सिग्नलपाशी मी घाबरटपणानं ब्रेकबरोबर बटणही दाबलं आणि इंजिनच बंद पडलं. परत बटण दाबलं. ती जपानी बाई पुन्हा तोंड उघडणार तोच बॉयसीनं हात पुढं केला, आवाजाचं बटण उलटं फिरवून आवाज पार बंद केला, आणि वळून बघितलं रुक्मिन उठली तर नाही ना.